पायाळूंचं घर

रविवारी सकाळी साडेसातलाच लाथ खायला अकरा माणसं येऊन बसली होती. निघोज्यातल्या बबनरावांच्या अंगणात ही गर्दी नेहमीची. कंपनीत पेट्या उचलताना उसण भरलेले कंत्राटी कामगार, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून अवघडलेले सिक्युरिटीवाले, आणि चाकणहून आलेला एक एचआर मॅनेजर. तो आपण नुसतं बघायला आलोय असं प्रत्येकाला सांगत होता आणि कंबर धरून उभा होता. नवनाथ अनवाणी बाहेर आला. एकेकाला भिंतीकडे तोंड करून उभं करत, दुखऱ्या जागेवर उजव्या पायाची हलकी लाथ मारत तो रांगेच्या शेवटापर्यंत गेला. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण उतरते, याबद्दल पंचक्रोशीत दुमत नव्हतं. पैसे घ्यायचे नाहीत हा घराचा नियम होता. लोक नारळ आणत, त्यामुळे बबनरावांच्या बायकोच्या, इंदुताईंच्या स्वयंपाकघरात वीस वर्षांत खोबऱ्यावाचून एकही भाजी झाली नव्हती.

ओसरीवरच्या खुर्चीत बसून बबनराव हा सोहळा बघत. "माझी मुलं तीन, त्यातली दोन पायाळू," असं ते नव्या माणसाला न विचारता सांगत. थोरला नवनाथ आणि त्याच्या पाठची तनुजा, दोघं आईच्या पोटातून पाय पुढे करून आले. धाकटा सिद्धेश मात्र सगळ्या जगासारखा डोक्याकडून जन्मला आणि तेव्हापासून घरात त्याच्याबद्दल थोडी हळहळच होती. बबनराव स्वतःही डोक्याकडूनच जन्मलेले, पण तो विषय ते काढत नसत. हे देणं आपल्या वडलांपासून रक्तात आहे आणि एक पिढी सोडून उतरतं, असा त्यांचा सिद्धांत होता. ती सोडलेली पिढी म्हणजे आपण, एवढाच त्यात त्यांचा वाटा होता, पण तो ते मोठा मानत.

फाटकावर पाटी होती: 'पायाळू नवनाथ. पाण्याचा खात्रीशीर पॉइंट.' चऱ्होलीकडे नवी सोसायटी उठायची असो की चाकणला एखादी शेड, नवनाथ तळहातावर नारळ आडवा ठेवून प्लॉटवर अनवाणी फिरल्याशिवाय बोअरचं मशीन येत नसे. नारळ उभा राहिला की तिथं पाणी.

आणि आता नवनाथच्या बायकोच्या, विजयश्रीच्या पोटातलं बाळही पाय खाली करून बसलं होतं. गुरुवारी ही बातमी कळली तेव्हा बबनरावांनी शेजारी पेढे वाटले. डॉक्टरीणबाईंनी पुढचं जे सांगितलं होतं, ते त्यांनी पेढे वाटून झाल्यावर ऐकलं. त्यावरच आजची बैठक होती.

बैठक साडेदहाला पोह्यांवर सुरू झाली. पोह्यांत खोबरं होतं. बबनरावांची थोरली बहीण कस्तुरा चऱ्होलीहून आली होती. तनुजा चिंचवडहून आली होती, आणि येताना सहा महिन्यांचा राग घेऊन आली होती. तिच्या बाळंतपणात सिझर झालं तेव्हा माहेरच्या कुणी पोहेसुद्धा केले नव्हते, मग बैठक कुठली. सिद्धेशची सुट्टी होती. तो बंपर ओतणाऱ्या एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होता आणि घरात त्याचं मत कुणी विचारत नसल्यामुळे निवांत खात होता. विजयश्रीच्या आईवडिलांना बोलावलंच नव्हतं. ते मूळचे परभणीचे, चिंचवडला राहणारे. हा घरातला विषय आहे, असं बबनरावांचं म्हणणं पडलं. ज्या पोटाचा विषय होता ते पोट मात्र त्यांच्याच लेकीचं होतं.

बबनरावांनी विषय मांडला. डॉक्टरीणबाई येत्या गुरुवारी सिझर करा म्हणतात. सुनेची पिशवी म्हणे सरळ नाही, तिला वर दोन शिंगं आहेत. बाळाला फिरायला जागा नाही, म्हणून ते पायावर आहे. ते म्हणाले, डॉक्टर लोक पुण्याईलाही दोष म्हणतात, त्यांचा धंदाच तो. कस्तुरानं एक रिटायर झालेली नर्स शोधली आहे, तिनं हातानं कैक पायाळू सोडवलेत. ती बुधवारी येऊन राहील. बाळंतपण घरीच होईल.

कस्तुराआत्यानं मान डोलावली. तिच्या मुलाच्या बांधकामाच्या जाहिरातीत 'पायाळूने दाखवलेलं बारमाही पाणी' असं छापलेलं होतं. घराण्यात पुढचा पायाळू असणं तिलाही सोयीचं होतं.

"पर आबा, शिझर केलं तरी पोर पायावरच असणार ना? मग पायाळूच झालं की," सिद्धेश म्हणाला.

यावर अर्धा तास गेला. कस्तुराआत्याचं म्हणणं, दारातून चालत आलेला पाहुणा वेगळा आणि खिडकीतून ओढून घेतलेला वेगळा. सिझरच्या पोराला गुण येत नाही. तनुजा म्हणाली, मग माझ्या मुलाला कसला गुण आला नाही ते तरी सांगा, तोही खिडकीतूनच आला. बबनराव म्हणाले की तुझा मुलगा डोक्याकडचा, त्याचा प्रश्नच नाही. तनुजा त्या क्षणापासून वहिनीच्या बाजूची झाली, पण हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

नवनाथ खाली बघत होता. लोक त्याला आत्मविश्वासाचा माणूस समजत. खरं तर गेल्या उन्हाळ्यात त्यानं दाखवलेल्या नऊ पॉइंटपैकी सहा कोरडे गेले होते. प्रत्येक वेळी लोकच म्हणत, मशीन दोन फूट सरकलं असणार. जे तीन लागले ते त्याच्या लहानपणी बुजवलेल्या विहिरींच्या जागेवर होते आणि त्या जागा त्याला पाठ होत्या. शर्टाच्या आत तो कंबरेला पट्टा बांधत होता. मणक्याची गादी सरकली होती आणि दर दुसऱ्या शनिवारी तो चिंचवडला फिजिओथेरपीला जायचा. दुसऱ्यांच्या उसणी उतरवणाऱ्याला स्वतःला लाथ मारता येत नाही, ही या विद्येतली एक अडचण होती. हे फक्त तनुजाला माहीत होतं, कारण नंबर तिनेच दिला होता.

त्याला बायकोची भीती वाटत होती, म्हणजे तिच्यासाठी भीती वाटत होती. पण वडिलांसमोर त्याचं तोंड कधीच उघडत नसे. गुरुवारचं विचारलं तेव्हा तो 'बघू' म्हणाला होता आणि त्या घरात नवनाथच्या 'बघू'चा अर्थ आबा म्हणतील तसं, असाच होत आला होता.

विजयश्री त्याच्याकडेच बघत होती. कागदावरचा मापाचा चुकलेला आकडा तिला लांबून दिसायचा. कंपनीत क्वालिटीला होती ती. डॉक्टरीणबाईंनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे तिला चित्र काढून दाखवलं होतं. पत्त्यातला बदाम असतो तशी पिशवी, वर मध्ये खाच. बाळ उजव्या बाजूला वाढलेलं, डोकं वरच्या कोपऱ्यात. पाय आणि अंग लहान असतं, ते बाहेर येईल. डोकं सगळ्यात मोठं, ते शेवटी अडकलं तर हातात मिनिटंच असतात. हे त्या इतक्या शांतपणे बोलल्या होत्या की विजयश्रीला घरी येईपर्यंत रडू आलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यातच पिशवीचा आकार कळला होता. पण घरात फक्त 'विश्रांती सांगितली आहे' एवढंच सांगायचं, असं नवनाथनं ठरवलं. गेल्या गुरुवारी पहिल्यांदा सासूबाई सोबत आल्या आणि सगळं उघडं पडलं.

बाबांना फोन केला तर ते तासाभरात रिक्षा घेऊन येतील, हे तिला माहीत होतं. पण तशी बाहेर पडली तर हे फाटक परत उघडणार नाही, हेही माहीत होतं. तिला बाळ हवं होतं आणि नवनाथही हवा होता, त्या पाटीसकट.

"आबा, मी घरी बाळंत होणार नाही," ती म्हणाली. "गुण नाही आला तरी चालेल. बाळ यायला हवं."

बबनरावांनी आवाज चढवला नाही. सुनेशी ते नेहमी मऊच बोलत. ते म्हणाले, "बाळा, तू शिकलेली हायेस. पर ह्ये तुज्या एकटीचं न्हाई. आमच्या रक्तातलं देणं हाय."

"रक्ताचा काय संबंध," सिद्धेश बशी खाली ठेवत म्हणाला. "आमच्या कंपनीत पार्ट वाकडा आला तर मटेरियलला कुणी शिव्या देत न्हाई आबा. साचा बघत्यात. वैनी तर परभणीच्या. आपलं रक्त तिच्या पिशवीत कुठनं आलं?"

बबनरावांना हे आवडलं नाही. रक्त नाही तर मग नवनाथ आणि तनुजा दोघंही पायावर कसे आले, असं त्यांनी विचारलं. सिद्धेश आईकडे बघायला लागला, आणि एकेक करून सगळेच तिकडे बघायला लागले.

इंदुताई तीन दिवस झोपल्या नव्हत्या. गुरुवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बदाम काढला तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला होता, कारण तो बदाम त्यांनी आधी ऐकला होता. बारा वर्षांपूर्वी त्यांची पिशवी काढली तेव्हा सर्जन त्यांना म्हणाले होते, मावशी, तुमची पिशवी बदामासारखी होती, मुलं झाली हेच नशीब. तेव्हा गुंगी उतरत होती. त्यांना वाटलं, डॉक्टर काहीतरी गोड बोलतोय. त्या उठल्या, आतल्या कपाटातून कापडी पिशवी आणली आणि तिच्यातली फाइल काढून सुनेच्या हातात दिली.

"वाच गं," त्या म्हणाल्या. "मला विंग्रजी येत न्हाई."

विजयश्रीनं पानं उलटली. रक्त, लघवी, छातीचा फोटो. मग लॅबचा पिवळा पडलेला कागद. तिनं तो एकदा मनात वाचला. मग आपली फाइल मागवली आणि दोन कागद शेजारी शेजारी धरले.

"बायकॉर्न्युएट युटेरस," ती म्हणाली. "दोन्हीवर तेच लिहिलंय, आई. तुमची पिशवी माझ्यासारखीच होती."

नवनाथला ती बरणी आठवली. सर्जननी ट्रेमधली पिशवी आबांना दाखवली होती, आबांनी बघितलं न बघितलं करून मान हलवली होती, आणि मग ती बरणीत घालून लॅबला पोचवायचं काम नवनाथवर आलं होतं. बाइकच्या हँडलला कॅरीबॅग अडकवून तो चिंचवडला गेला होता आणि वाटेत थांबून त्यानं वडापाव खाल्ला होता. घराण्याचं सगळं तेज त्या बरणीत होतं आणि तिच्यावर आईचं नाव बॉलपेननं लिहिलेलं होतं. हसावं की रडावं हे त्याला कळेना.

सिद्धेशला मात्र फार बरं वाटलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या जन्मात काही खोट उरली नव्हती. जागा नसतानाही तो सरळ आला होता. हे तो बोलून दाखवणार होता, पण तनुजानं त्याच्या पायावर पाय दिला.

बबनराव सावरले. त्यांनी बाजू चटकन बदलली, ग्रामपंचायतीत दोन वेळा निवडून येण्याचा तो सराव होता. ठीक आहे, ते म्हणाले, रक्ताचं नसेल, पिशवीचं असेल. पण मग तर बरंच झालं. इंदूची पिशवी अशीच होती आणि तिची सगळी बाळंतपणं घरीच सुखरूप झाली. मग सुनेला कसली भीती? त्यांनी बहिणीकडे बघितलं. एरवी त्यांच्या वाक्याआधी हलणारी कस्तुराआत्याची मान यावेळी हलली नाही.

"सगळी?" इंदुताई म्हणाल्या.

त्या उभ्याच होत्या. पदर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. त्यांना नवऱ्याचा राग आला होता, इतका, की आवाज उलट खाली गेला.

"नवनाथच्या आधीची पोरगी कुठं गेली? तिचंबी पायच आधी आलं व्हतं. पाय आलं, अंग आलं, अन् मान आडकली. पाय हालवत व्हती ती. मला दिसत न्हवतं, पर मांडीला लागत व्हतं. मंग हालायचं थांबलं." त्या कस्तुराकडे वळल्या. "आक्का, तुमी व्हता."

"व्हते," कस्तुराआत्या म्हणाली.

"तिला कुणी पायाळू म्हणलं न्हाई. नाव बी न्हाई ठिवलं. वर्सानं नवनाथ आला तर गावजेवण घातलं. म्यां सैपाक केला."

तनुजाला हे माहीत नव्हतं. नवनाथलाही नव्हतं. आजवर त्या घरात मुलं तीनच होती. रेशनकार्डावर तीन, लग्नपत्रिकेत तीन, बबनरावांच्या तोंडी तीन. आपल्या आधी त्याच वाटेनं आलेली आपली एक बहीण होती आणि ती अडकली आणि आपण सुटलो, म्हणून आपली लाथ गुणाची ठरली, हे नवनाथच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा त्याला स्वतःच्या पायांकडे बघवेना.

कस्तुराआत्यानं पिशवीतून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि नंबर शोधला. सगळे ऐकत होते. "बाई, बुधवारचं येऊ नगा," ती म्हणाली. "न्हाई, पुढं ढकललं न्हाई. करायचंच न्हाई." मग फोन पिशवीत ठेवून ती भावाला म्हणाली की तिच्या मुलाच्या बिल्डिंगला लागेल तेवढं पाणी टँकरनं येईल.

"आबा," नवनाथ म्हणाला. बोलताना तो उभा राहिला, तेव्हा कंबरेत कळ आली आणि त्यानं ती लपवली नाही, पट्ट्यावरून हात फिरवला. "गुरुवारी मी घेऊन जातोय तिला. सही मी करतोय."

'बघू' तो म्हणाला नाही. बबनरावांनी त्याच्याकडे, पट्ट्याकडे आणि मग बायकोकडे बघितलं. ते उठून फाटकाकडे गेले आणि बराच वेळ पाटी वाचत उभे राहिले. पाटीवर पाचच शब्द होते. जेवायला हाक मारली तेव्हा ते आले, खाली मान घालून जेवले आणि खोबऱ्याची चटणी दोनदा मागून घेतली.

गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या बाकावर सगळे बसले होते. विजयश्रीचे आईवडीलही होते. बबनरावांनी त्यांना स्वतः फोन केला होता आणि पाच मिनिटं नुसती हवापाण्याची चौकशी करून शेवटी गुरुवारचं सांगितलं होतं. दहा वाजून वीस मिनिटांनी नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती. अडीच किलोची, रडली लगेच, आई चांगली आहे. नवनाथ भिंतीला टेकला आणि उघडपणे रडला. इंदुताईंनी देवाचं नाव घेतलं नाही, त्या नर्सच्या हाताला धरून राहिल्या.

"पाय का डोकं?" बबनरावांनी विचारलंच.

"पायच. डोकं वरती चांगलंच बसलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, नॉर्मलला अवघड गेलं असतं," नर्स म्हणाली आणि आत गेली.

खिडकीतून आली, पण पाय पुढे करूनच आली. कस्तुराआत्या या नव्या पेचावर काहीतरी बोलणार होती. तिनं इंदुताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचार रद्द केला. पाटीवर आता दुसरं नाव घालायचं का, असं सिद्धेशनं हळूच विचारलं. तनुजा हसली. नवनाथ डोळे पुसत म्हणाला की पाटी तो रविवारी काढणार आहे, आणि रांगेतल्या लोकांना चिंचवडचा एक नंबर देणार आहे.

तेवढ्यात एक शिकाऊ डॉक्टर मुलगी कागद घेऊन आली. सासू आणि सून, दोघींची पिशवी एकसारखी, हे तिनं फाइलमध्ये बघितलं होतं आणि तिला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. तिला थोडी माहिती लिहून हवी होती. ती इंदुताईंच्या शेजारी बसली आणि पेन उघडलं.

"आजी, तुमची बाळंतपणं किती झाली?"

इंदुताईंनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या सवयीचा आकडा ओठांवर आला होता आणि तो त्यांना म्हणायचा नव्हता. दुसरा आकडा मोठ्यानं कसा म्हणायचा, हे माहीत नव्हतं. समोरच्या बाकावर बबनराव हातातल्या टोपीची घडी घालत बसले होते. घडी पुरी झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"चार," ते म्हणाले. "त्यातली तीन पायाळू."